हिरडीचं कलम करायचंय? तयार मटेरियलच्या पाकिटाआधी आपली हिरडी बघा

ब्रश करताना खालच्या पुढच्या दाताला गार पाणी लागून एकदम झिणझिण्या येतात, आरशात बघितलं तर तो दात शेजारच्यापेक्षा लांब दिसायला लागलाय, मुळाचा पिवळट भाग उघडा पडलाय, डॉक्टर म्हणाले ग्राफ्ट करूया, मग पीआरएफ, कोलॅजेन, मेंब्रेन असे चार शब्द कानावर पडले आणि घरी आल्यावर कळेना की यातलं आपल्याला नक्की काय हवंय. अशा माणसासाठी हे लिहितेय. मी रत्नागिरीत हिरड्यांच्या डॉक्टरांकडे नऊ वर्षं असिस्टंट आहे, ऑपरेशनला बाजूला उभी असते आणि नंतर घाबरून येणारे फोनही मीच उचलते. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं हे माहीत असलं की अर्धी भीती जाते आणि कामही चांगलं होतं, हे मी रोज बघतेय.

माहेर माझं दापोली तालुक्यातलं, बाबांची आंब्याच्या कलमांची नर्सरी. पाऊस सुरू झाला की कोय कलमं बांधायची. कोयीतून आलेला दहा-पंधरा दिवसांचा कोवळा कोंब, त्याला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार द्यायचा, चिरेत बसवायची, वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. लहानपणी मी उगाच काडी धरली की नाही ते हलवून बघायचे आणि बाबा ओरडायचे, "बांधलंस ना, आता हात लावू नको." डॉक्टरांकडे पहिल्यांदा हिरडीचं ग्राफ्टिंग बघितलं तेव्हा मला हेच वाक्य आठवलं, आणि आज पेशंटला मी हेच सांगते, कारण ग्राफ्ट म्हणजे कलमच.

पण एक फरक आहे आणि तो नीट समजून घ्या. आंब्याच्या कलमात दोन्हीकडे रस असतो. दाताचं उघडं मूळ तसं नसतं, त्याच्या वरच्या बाजूला रक्तवाहिन्या नाहीत, ते आपल्याकडच्या जांभ्याच्या कातळासारखं कोरडं. कातळावर माती टाकली तरी ओल बाजूनेच यायला हवी. मुळावर जो काही तुकडा ठेवतात तो जगतो तो डाव्या-उजव्या बाजूच्या हिरडीतून, खालच्या, हाडावरच्या पडद्यातून आणि वरून ओढून घेतलेल्या हिरडीतून येणाऱ्या रक्तावर. त्यामुळे तुकडा कुठल्या कंपनीचा हा प्रश्न नंतरचा, आजूबाजूला काय शिल्लक आहे हा पहिला. आणि म्हणूनच खाली गेलेली हिरडी खोबरेल तेलाच्या गुळण्यांनी, हळद-मिठाने किंवा कुठल्या जेलने परत वर येत नाही. सूज उतरते, रक्त थांबतं, तेवढ्याने बरं वाटतं, पण उघडं मूळ झाकलं जात नाही. उगाच दोन वर्षं त्यात घालवू नका.

आधी घरच्या घरी बघून घ्या

खिडकीपाशी उजेडात उभे राहा, ओठ हलका ओढा आणि मोबाईलवर फोटो काढा, तारीख राहू दे. तीन गोष्टी बघायच्या. एक, दोन दातांच्या मधे हिरडीचं जे त्रिकोणी टोक असतं ते भरलेलं आहे की तिथे काळी फट दिसतेय. दोन, उघड्या मुळाच्या खाली घट्ट, फिकट गुलाबी, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची हिरडी थोडी तरी उरलीय का, की लगेच लाल, सैल, ओठाच्या आतल्यासारखी कातडी सुरू होते. तीन, ओठ हलवला की ती कड ओढली जाते का, कारण ओठ आणि हिरडीमधली ती दोरीसारखी शीर काही जणांना फार वर जोडलेली असते आणि बोलताना-खाताना दिवसभर हिरडीला खाली खेचत राहते.

पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दोन दातांमधली हिरडी आणि हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जायची चांगली आशा असते. तिथलं थोडं गेलं असेल तर आशा कमी, आणि मधलं नुकसान पुढच्यापेक्षा जास्त असेल तर कुठलंही मटेरियल घाला, पूर्ण झाकत नाही. डॉक्टर याला आरटी (रिसेशन टाइप, म्हणजे हिरडी खाली जाण्याचा प्रकार) १, आरटी २, आरटी ३ म्हणतात, २०११ साली आलेलं हे वर्गीकरण, त्याआधी १९८५ पासून मिलरचे चार वर्ग चालायचे आणि बऱ्याच केसपेपरवर अजून तेच लिहिलेलं असतं. तुम्ही सरळ विचारा, "डॉक्टर, माझा आरटी कितवा?" या एका प्रश्नाने पुढची सगळी चर्चा खरी होते. आरटी ३ असताना कोणी शंभर टक्के झाकून देतो म्हणत असेल तर दुसरीकडे दाखवा.

कारण बंद केल्याशिवाय कलम नाही

आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण मशेरी. तंबाखू तव्यावर जाळून केलेली पूड बोटाने हिरडीवर घासायची, सकाळी, दुपारी जेवणानंतर, रात्री झोपताना, आणि दात स्वच्छ होतात असं मनापासून वाटत असतं. बोट रोज एकाच जागी फिरतं, तिथली हिरडी झिजते, वर तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात म्हणजे ज्या रक्तावर कलम जगायचं तेच कमी. विडी-सिगारेटचंही तेच. माझ्या चुलत सासूबाईंची मशेरी सुटायला चार महिने लागले, सुटली म्हणजे काय, आधी तीन वेळची एक वेळ झाली, मग मशेरीची डबी चुलीपासून लांब माळ्यावर गेली, मग बंद. डॉक्टरांनी तोवर ऑपरेशन केलं नाही आणि ते बरोबरच केलं.

दुसरं कारण कडक ब्रश आणि आडवं घासणं. हे सहसा अगदी व्यवस्थित, शिस्तीच्या माणसांत दिसतं, उजव्या हाताने घासणाऱ्याच्या डाव्या सुळ्याकडे जास्त. मऊ ब्रश घ्या, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे गोल फिरवत न्या, खरवडून नाही. तिसरं म्हणजे पायरिया, हिरडीपाशी दातांवर दगडासारखा घट्ट थर साठलेला. आधी क्लीनिंग, मग काही आठवडे थांबून परत मोजमाप, मग ग्राफ्टचा विचार, हा क्रम कोणी मोडत असेल तर विचारा का. शुगर असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी) ७ च्या आसपास आणून मगच तारीख घ्या.

आता मटेरियल

सगळ्यात भरवशाचं अजूनही आपलंच टाळूचं मांस. सुळ्यापासून पहिल्या मोठ्या दाढेपर्यंतच्या टाळूत कातडीखाली एक घट्ट थर असतो, तिथून एक ते दीड मिलिमीटर जाडीची पट्टी काढतात आणि उघड्या मुळावर ठेवून वरून हिरडी ओढून शिवतात. याला सीटीजी, म्हणजे कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट म्हणतात, १९८५ पासून ही पद्धत रुळली आणि आजही बाकीच्या सगळ्या गोष्टींची तुलना हिच्याशीच करतात. कातडी परत मिटून शिवता येते म्हणून टाळूची जखम लवकर भरते. दुसरा प्रकार एफजीजी, म्हणजे फ्री जिंजायव्हल ग्राफ्ट, त्यात टाळूची वरची कातडीसकट चकती काढून लावतात, टाळूला उघडी खिडकी राहते, दोन ते चार आठवडे ती भरत असते, आणि लावलेला तुकडा कायम थोडा फिकट, ठिगळासारखा दिसतो. मग का करतात? कारण खालच्या पुढच्या दातांना घट्ट हिरडीच उरली नसेल तर ती नव्याने तयार करायला याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही, आणि तिथे ओठाआड रंग कोणाला दिसतोय. वरच्या पुढच्या दातांना, हसताना दिसणाऱ्या जागी, मात्र सहसा सीटीजीच.

टाळू कापायची भीती सगळ्यांनाच वाटते. किंवा टाळू पातळ असते, किंवा पाच-सहा दात एकदम झाकायचे असतात आणि तेवढं मांस मिळत नाही. मग बाहेरचं मटेरियल येतं.

पीआरएफ (प्लेटलेट रिच फायब्रिन) बाहेरचं म्हणावं की आपलंच, कारण ते तुमच्याच रक्तातून बनतं. फ्रान्समधे शुक्रून नावाच्या डॉक्टरांनी २००१ साली ही पद्धत मांडली. मी हे शेकड्याने केलंय म्हणून जरा सविस्तर सांगते. कोपरापाशी शिरेतून १० मिलीच्या नळ्यांत रक्त घ्यायचं, नळीत रक्त न गोठण्याचं औषध अजिबात नसतं, त्यामुळे सुई काढली की मिनिटभरात नळ्या मशीनमधे गेल्या पाहिजेत, समोरासमोर सारख्या वजनाच्या, आणि मग २७०० च्या स्पीडने १२ मिनिटं. थांबल्यावर नळीत तीन थर दिसतात, तळाला लाल, वर गव्हाळ पाणी, आणि मधे पिवळसर, लवचिक गोळा. चिमट्याने तो उचलला की अगदी कोवळ्या शहाळ्यातली मलई, तशीच हलते, तशीच पारदर्शक कड. लाल भाग कात्रीने कापायचा पण सगळा खरवडायचा नाही, सांध्यापाशी थोडा लालसर राहू द्यायचा कारण प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे कण, तिथेच जास्त असतात. मग तो स्टीलच्या डबीत जाळीवर ठेवून झाकणाच्या वजनाने दाबला की पाणी निथळतं आणि मिलिमीटरभर जाड पडदा, म्हणजे मेंब्रेन, मिळतो, सुईने शिवता येईल असा.

हा पडदा वाढीची रसायनं एकदम न सोडता आठवडाभर हळूहळू सोडतो, म्हणून जखम शांतपणे भरते, दुखणं कमी होतं, खर्चही कमी कारण नळ्यांचाच काय तो पैसा. पण माझं प्रामाणिक मत सांगते, जिथे घट्ट हिरडी जाड करायची आहे तिथे एकट्या पीआरएफवर मी माझ्या आईला बसवणार नाही. आठ-दहा दिवसांत तो विरघळतो, जाडी राखून ठेवण्याचं काम सीटीजीइतकं त्याला जमत नाही. टाळूची खिडकी झाकायला मात्र तो फार छान, पेशंटला रात्री खरंच फरक पडतो.

आणि एक विचारायचं विसरू नका, क्लिनिकमधे इन्व्हर्टर आहे का. मी आधी जिथे काम करायचे तिथली गोष्ट, जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, मशीन सुरू होऊन चार मिनिटं झाली आणि लाईट गेली. बॅकअप नव्हता. सहा मिनिटांनी लाईट आली तोवर नळ्यांत सगळं रक्त एकत्र गोठून लाल जेली, थरच नाहीत, त्याचा काही उपयोग होत नाही. पेशंट हर्णैकडचे खलाशी, तोंड बधिर केलेलं, त्यांनी गुपचूप दुसरा हात पुढे केला. मला आजही वाईट वाटतं. आपल्याकडे पावसाळ्यात हे धरूनच चालायला हवं.

आता पाकिटातली, म्हणजे कंपनीची तयार मटेरियल. यात बहुतेक कोलॅजेन असतं, म्हणजे आपल्या कातडीचा जो सांगाडा असतो तोच, दुसऱ्या कुठून तरी आणून पेशी काढून टाकलेला. तो स्वतः हिरडी बनत नाही, तुमच्या पेशी बाजूने रांगत येऊन त्यात घर करतात आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत तो विरतो. म्युकोग्राफ्ट आणि फायब्रोगाईड ही स्विस नावं ऐकू येतील, दोन्ही डुकराच्या कोलॅजेनची, पहिलं दोन थरांचं, दुसरं स्पंजासारखं जाडी टिकवणारं. अॅलोडर्म म्हणजे दान केलेल्या माणसाच्या कातडीतून पेशी काढून उरलेला पडदा, आधी भाजलेल्यांसाठी वापरात आला आणि मग दातांकडे. एमडोगेन हे जेल, डुकराच्या पिल्लांच्या तयार होणाऱ्या दातांतून काढलेली प्रथिनं, ते हिरडी जाड करायला नसून मुळाशी पक्की पकड तयार व्हावी म्हणून, आधी मूळ दोन मिनिटं एका द्रावणाने साफ करून मग लावतात. भारतात गाईगुरांच्या आणि माशांच्या कोलॅजेनचेही पडदे मिळतात, आणि आपल्याकडे घोळ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला एवढा भाव का ते कोळीवाड्यात कोणालाही विचारा, ती पिशवी म्हणजे कोलॅजेनचीच असते.

म्हणूनच कशापासून बनलंय ते आधी विचारा. कणकवलीकडच्या एक मावशी खुर्चीत बसल्या बसल्या मला म्हणाल्या, "गो बाय, ह्या खयच्या जनावराचा आसा ता आदी सांग, मगे तोंडात घाल." किती योग्य प्रश्न. कोणाला डुकराचं चालत नाही, कोणाला गाईचं, कोणाला माणसाचं नको वाटतं, आणि हे सांगायला लाजायचं काहीच कारण नाही, पर्याय असतात. सही करायच्या कागदावर हे लिहिलेलं असायला हवं. मासळीची अॅलर्जी असेल, कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं असं असलं तरी, ते आवर्जून सांगा.

अम्नियन हा अजून एक पडदा, बाळाच्या भोवती पोटात जी पातळ पिशवी असते ती. बाळंतपणानंतर आईने दान केलेल्या वारेपासून, आईच्या रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्या करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून तयार होतो. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करतेय. कांद्याच्या पातीच्या आतल्या पापुद्र्यासारखा पातळ असतो, ओला झाला की जिथे ठेवाल तिथे चिकटतो, शिवायचीही फारशी गरज पडत नाही. मूळ झाकायला एकटा पुरत नाही पण जखमेवर झाकण म्हणून उत्तम.

हिरडीव्यतिरिक्तही हे पडदे लागतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपल्या अभिमानाची, पण रोज दाढेत धरून ठेवली की गालाच्या आत पांढरे घट्ट पट्टे तयार होतात आणि तोंड दोन बोटंही उघडत नाही. गुटख्याने तर अजून लवकर. ते पट्टे कापल्यावर गालात जी उघडी जखम राहते तिच्यावर कोलॅजेनचा पडदा टाकतात, नाहीतर परत आकसते. अर्थात पडदा टाकूनही रोज तोंड उघडायचा व्यायाम नाही केला तर आकसतंच, आणि सुपारी चालू ठेवली तर सगळं पाण्यात.

मग कोणाला काय? एकच दात, वरचा, हसताना दिसणारा, बाजूची हिरडी चांगली, तर सीटीजी. खालचा पुढचा, घट्ट हिरडी संपलेली, शीर ओढतेय, तर एफजीजी आणि शीर सोडवणं. चार-सहा दात एकदम आणि हिरडी मुळात बऱ्यापैकी जाड, तर पाकिटातलं कोलॅजेन विचारात घ्यायला हरकत नाही. टाळू फारच पातळ, तर तेच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर टाळूची मोठी जखम टाळता येते का हे डॉक्टर बघतील, पण गोळी आपणहून बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही. आणि वय साठ, दुखत नाही, झिणझिण्या नाहीत, साफ ठेवता येतंय, तर काहीच न करता दर सहा महिन्यांनी मोजत राहणं हाही चांगला सल्ला असू शकतो.

खर्चाचं म्हणाल तर परदेशी पाकीट बिलात सगळ्यात जड असतं, म्हणून ते तुमच्या केसला कशाला लागतंय याचं कारण मागा. खासगीत झेपत नसेल तर डेंटल कॉलेज बघा. खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे, सिंधुदुर्गातल्यांना गोव्यात बांबोळीचं सरकारी कॉलेज जवळ पडतं, मुंबईत नातेवाईक असतील तर सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज किंवा मुंबई सेंट्रलचं नायर. तिथे एमडीएस, म्हणजे दातांची पुढची पदवी करणारे विद्यार्थी सरांच्या देखरेखीत करतात, वेळ लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण मोजमाप फार बारकाईने घेतात.

तारीख कधीची घ्यायची

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. पुढचे १४ दिवस मोकळे हवेत. आंब्याच्या ऐन हंगामात, एप्रिल-मे मधे, बागायतदारांनी घेऊ नये, पेट्या भरायच्या गडबडीत कोण पेज खाऊन आराम करणार. गणपतीच्या आधी पंधरा दिवसांत तर नकोच. मोदक मऊ असतात हो, पण घरोघर जाऊन वरच्या पट्टीत आरत्या म्हटल्या की खालचा ओठ किती ताणला जातो ते आरशात बघा, टाके तिथेच असतात. शिमग्याचंही तेच. आणि ऑपरेशन करून त्याच संध्याकाळी घाटातल्या एसटीने तीन तास धक्के खात घरी जाऊ नका, एक रात्र जवळ कोणाकडे राहा.

ते १४ दिवस

पहिले दोन-तीन दिवस त्या तुकड्याला स्वतःचं रक्त नसतं, आजूबाजूच्या रसावर तो नुसता तग धरून असतो. मग बाजूने बारीक रक्तवाहिन्या आत शिरायला लागतात आणि दहा-बारा दिवसांत जोडणी होते. या काळात तुकडा केसभर जरी सरकला तरी आत येणारे ते कोवळे धागे तुटतात. म्हणून ओठ ओढून बघायचं नाही. फोटो काढून बहिणीला पाठवायचा नाही. जीभ फिरवायची नाही. मला सगळ्यात जास्त बिघडलेली कलमं दिसतात ती आरशामुळे.

पहिल्या दिवशी बाहेरून गालावर कपड्यात गुंडाळलेला बर्फ, दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. जोरात थुंकायचं नाही, गुळणी खळखळून करायची नाही, स्ट्रॉने शहाळं प्यायचं नाही, ओढण्याने आत पोकळी होऊन रक्त सुरू होतं, शहाळं पेल्यात ओतून प्या. उशी एक जास्त घ्या.

खायला आपल्या कोकणात काय कमी आहे. उकड्या तांदळाची पेज, थंड करून, थोडं मीठ आणि तूप. गुरगुट्या भात, मुगाचं वरण, ताक, पिकलं केळं कुस्करून, तिसऱ्या दिवसापासून मऊ घावन दुधात बुडवून. सोलकढी दोन आठवडे विसरा, आंबट आणि मिरची दोन्ही टाळूच्या जखमेला झोंबतात. मासळी खायची तर काटा पूर्ण काढलेली, सुरमई वगैरे उकडून दुसऱ्या बाजूने चावून, तीही आठवड्यानंतर. बोंबील मऊ म्हणून लोक खातात आणि त्याचा बारीक काटा टाक्यात अडकवून घेतात, तर नको. कुर्ल्या, भाकरी, चकली, कुरमुरे, सुकट, काही नाही.

त्या जागी ब्रश दोन-तीन आठवडे बंद, बाकीच्या दातांना चालू. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिवसातून दोनदा, तोंडात धरायचं, मान डावीकडे-उजवीकडे कलती करायची आणि सिंकमधे आपोआप पडू द्यायचं. पेस्ट लावली असेल तर अर्धा तास मधे जाऊ द्या, नाहीतर त्याचा असर कमी होतो. याने दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा पिणाऱ्यांना जास्त, घाबरू नका, क्लीनिंगमधे जातात.

टाळूतून रात्री रक्त आलं तर काय, हा फोन मला ठरलेला असतो. आधी गार पाण्याने चूळ भरायची नाही, सारखं थुंकायचं नाही. स्वच्छ गॉज ओला करून, नसेल तर चहाची पिशवी गरम पाण्यात भिजवून थंड करून, जखमेवर ठेवायची आणि बोटाने वर कवटीकडे दाबायची, १५ ते २० मिनिटं, घड्याळ बघून, मधे उचलून बघायचं नाही. थुंकीत गुलाबी धागा दिसला तर ते चालतं. इतकं दाबूनही तोंड रक्ताने भरत असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करायचा, नाहीतर जवळचं हॉस्पिटल गाठायचं. ऑपरेशनच्या आधी तो रात्रीचा नंबर घेऊन ठेवा.

दिसायला काय काय दिसेल तेही सांगते, चुकून दिसलंच तर. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात एफजीजीचा तुकडा पांढरा, भिजलेल्या कातडीसारखा दिसतो आणि वरचा पापुद्रा सुटतो, लोकांना वाटतं सडलं, पण खालून लालसर थर येत असतो. पीआरएफ लावलेल्या जागी पिवळट बुळबुळीत थर, तो पू नाही, पुसू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते. चौथ्या दिवसानंतर सूज आणि ठणका उलट वाढायला लागला, ताप आला, घाण वास किंवा चव यायला लागली, तुकडा लोंबायला लागला, तर वाट बघायची नाही.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. त्या दिवशी पेशंट आरसा मागतात आणि थोडे हिरमुसतात, कारण जागा फुगलेली, लालसर, टाक्यांच्या खुणा असलेली असते. हा निकाल नव्हे. रंग बसायला, कड पातळ व्हायला तीन ते सहा महिने लागतात. सुरुवातीला लहान मुलांचा सर्वात मऊ ब्रश आणा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, बोटात पेन धरतो तसा धरून फिरवा, मुठीत धरू नका. सहा महिन्यांनी परत त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढा आणि पहिल्याशेजारी ठेवून बघा. काही जणांची हिरडी त्यानंतरही स्वतःहून वर सरकत राहते, वर्षभरात अर्धा-एक मिलिमीटर. आमच्या त्या कणकवलीच्या मावशींची तशी सरकली, मागच्या दिवाळीत दाखवायला आल्या तेव्हा डॉक्टरांनी प्रोबने, म्हणजे हिरडी मोजायच्या बारीक सळईने मोजलं, मी आकडा लिहून घेतला आणि त्यांनी पिशवीतून घरच्या आमसुलांची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.